मोठ्या टाईपचं मराठी बायबल : आबांसाठी घेतलं, आता रात्री मी वाचते

आबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवीन चष्मा आला, तरी घरातलं जुनं बायबल काही त्यांना लागेना. ते आजोबांच्या काळातलं, पानं पिवळी पडलेली, अक्षर मुंगीएवढं, आणि अर्धांगवायूनं उजवा हात गेल्यापासून आबा डाव्या हातानं पुस्तक धरतात त्यामुळं ते सारखं हलतं. रोज सकाळी चहा झाला की भिंग घेऊन बसायचे, दोन ओळी झाल्या की भिंग बाजूला ठेवायचे. एक दिवस म्हणले, "बाई, आता शास्तर बी मला सोडून चाललं." आई जाऊन तेव्हा वर्ष पण झालं नव्हतं. मी त्याच रात्री ड्युटीवर, पेशंट झोपल्यावर, मोबाईलवर शोधायला बसले. तर हा रिव्ह्यू त्या मोठ्या टाईपच्या मराठी बायबलचा आहे. घेऊन आठ महिने झाले, रोज वापरात आहे. मी घ्यायच्या आधी मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं, म्हणून म्हणलं आपण लिहावं, ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांच्या कामाला येईल.

पहिल्यांदा ऑनलाईन मागवलं ते फसलं. फोटोखाली लार्ज प्रिंट लिहिलेलं, आणि हातात आला नुसता नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, तो पण खिशात मावेल एवढा. परत करण्यात पंधरा दिवस गेले आणि आबा रोज विचारायचे आलं का, आलं का. ऑनलाईनच घेणार असाल तर आधी विचारून घ्या की जुना करार आणि नवा करार दोन्ही आहेत का, म्हणजे जुन्यातली ३९ आणि नव्यातली २७ अशी सगळी ६६ पुस्तकं, आणि एका उघड्या पानाचा फोटो मागवा, पानावर पाच रुपयाचं नाणं ठेवून. नाण्यावरून अक्षराचा अंदाज बरोबर येतो.

शेवटी मी इथं संभाजीनगरात एका चर्चच्या आवारात छोटंसं दुकान आहे तिथं गेले, नाईट करून सरळ तिथंच, युनिफॉर्मवर. दुकान म्हणजे एक खोली, बायबलं, गीतांची पुस्तकं, नाताळची कार्डं, कॅलेंडरं. बसलेले काका सत्तरीचे असतील. त्यांनी आधी किंमत नाही सांगितली, आधी विचारलं कोणासाठी पाहिजे, वय काय, हात थरथरतो का, पडून वाचतात की बसून. मला एवढं कोणी आमच्या ओपीडीत पण विचारत नाही. मग तीन साईझ काढून टेबलावर उघडून ठेवले, तिन्हीत एकच अध्याय, आणि म्हणले जरा लांब उभं राहून वाचा. मधल्या साईझमधलं मला दोन हातांवरून लागलं. पण काकांनी सगळ्यात मोठं दिलं. म्हणले डोळ्याला लागणं वेगळं आणि न दमता लागणं वेगळं, दमलेल्या माणसाला पान सोपं वाटलं पाहिजे. आठशे रुपयांच्या आत बसलं. आणि म्हणले हे हातात धरून वाचायचं पुस्तकच नाही, शहागंजात जा, कुराण ठेवायची लाकडी रेहल मिळते घडीची, ती घ्या. मी गेले आणि घेतली. तिथल्या चाचांनी विचारलं किती मोठी किताब आहे, मी पिशवीतून काढून दाखवली, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, रेहलीवर ठेवून बघितली, नीट बसली म्हणले. आज आबांच्या कॉटवर तीच रेहल आहे, आबांना डाव्या हातानं फक्त पान उलटावं लागतं. बायबल घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, रेहल घ्याच.

आता वस्तूबद्दल. वजनदार आहे, मांडीवर घेऊन अर्ध्या तासात पाय अवघडतो. अक्षर ठसठशीत काळं. एका पानावर दोन रकाने आहेत, मधल्या पट्टीत जागा भरपूर सोडलेली त्यामुळं ओळ चुकत नाही. अध्यायाचा आकडा मोठा आहे, वचनाचा आकडा मात्र बारीक, आबांना तो अजून पण दिसत नाही, पण ते म्हणतात मला आकड्याशी काय करायचं. कागद पातळ आहे, जाड असता तर पुस्तक उचललंच गेलं नसतं हे कळतं, पण मागच्या पानाचं उमटतं. त्याला उपाय म्हणजे पानाखाली एक काळा कागद सरकवायचा, मुलीच्या प्रोजेक्टचा उरलेला होता तोच ठेवलाय, उमटायचं एकदम बंद होतं. खुणेची रिबीन एकच आणि ती पण आखूड, शेवटच्या पुस्तकांपर्यंत पोचून खाली लोंबत नाही, मी दोन साध्या फिती चिकटवल्या. आणि चौथ्या महिन्यात बांधणी सैल झाली, बरोबर स्तोत्रसंहितेपाशी, म्हणजे बायबलातल्या स्तोत्रांच्या पुस्तकापाशी, कारण पुस्तक अर्ध्यात उघडलं की तिथंच उघडतं आणि आबा रोज तिथंच असतात. आमच्या ह्यांनी कापडाची पट्टी आणि फेविकॉल लावून पक्कं केलं. एवढ्या वापराच्या पुस्तकाची शिवण जास्त मजबूत पाहिजे, हा मोठा दोष आहे आणि मी तो लपवणार नाही.

भाषेचं सांगते, कारण घेताना इथंच लोक अडकतात. दुकानात गेलात की काका लोक विचारतात जुनं भाषांतर की सोपी मराठी. मी जुनंच घेतलं. ह्याच्यात "भाराक्रांत" सारखे शब्द आहेत, पण आबांच्या पिढीचं हे सगळं तोंडपाठ आहे, शब्द बदलला की त्यांना परक्याच्या घरात गेल्यासारखं होतं. माझ्या मुलीला सोप्या मराठीतलंच बरं वाटतं. दोन्ही ठीक आहेत, वाचणाऱ्याला बघून घ्या. काकांनी मला अजून एक जुनी प्रत कपाटातून काढून दाखवली, विकायची नव्हती, पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरी ह्या मिशनरींनी मराठी नवा करार १८११ मध्येच छापला होता, पण रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायका-मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी ही बाई भाषांतराचं काम करतच होती, आणि काम संपवून ५ एप्रिल १९२२ ला गेली. मी त्या दुकानात उभी राहून ते पान बघत होते आणि माझ्या मनात एकच, एवढं सगळं खांद्यावर असताना ह्या बाईला बसून एकेक शब्द शोधायचं बळ कुठून आलं असेल. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.

कारण ते वर्ष आमचं फार वाईट होतं. आई गेली. मग आबांना अर्धांगवायूचा झटका, त्यांना गावाहून इकडं आणलं. ह्यांची वाळूजची कंपनी, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, चार महिने घरी. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला, तिची फी, होस्टेल, मेस. आणि २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला तो आपल्या मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, बदनापूरकडं आमच्या भावाचं सोयाबीन काढणीला आलेलं पाण्यात गेलं, नुसतं पीक नाही, वरची माती पण वाहून गेली, वावरात खडक उघडा पडला. मी स्टाफ नर्स आहे, महिन्यातल्या पंधरा रात्री ड्युटी. ज्या रात्री ड्युटी नसायची त्या रात्री पण झोप यायची नाही, छतावरचा पंखा मोजत पडायचं. रविवारी उपासनेला जायचे, गीतं म्हणायचे, पाळक साहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, सलाम करून घरी यायचे आणि जिन्यातच परत सगळं अंगावर यायचं. मी ख्रिस्ती घरात जन्मले, आमचं घराणं जालना मिशनचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे, संडे स्कूलमध्ये वचन पाठ करून बक्षीस घेतलेली मी. पण पाठ असणं आणि पोटात उतरणं ह्यात किती अंतर आहे ते मला त्या वर्षी कळलं.

बायबल घरी आणलं त्या रात्री मला सुट्टी होती. आबा झोपले, पुस्तक रेहलीवर तसंच उघडं, त्यांना वाचून दाखवायला मी नव्या करारातलं पहिलं पुस्तक, मत्तय, काढलं होतं. दीड वाजता पाणी प्यायला उठले आणि झिरोच्या बल्बच्या उजेडात, हो, झिरोच्या बल्बच्या उजेडात मला लांबून दिसलं, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." अकरावा अध्याय, अठ्ठाविसावं वचन. ते मी चौथीत असताना पाठ केलंय. पण इतक्या मोठ्या अक्षरात मी ते कधी बघितलं नव्हतं, आणि का कुणास ठाऊक मला वाटलं कोणीतरी खोलीतून मला हाक मारलीय. मी कॉटच्या कडेला खाली बसले आणि रडले. पण खरं सांगायचं तर त्या रात्री विसावा मिळाला नाही. रडून डोकं दुखलं आणि मनात रागच आला, की येते ना मी, दर रविवारी येते, मग ओझं का उतरत नाही.

सकाळी आबांना मी हेच विचारलं. आबा चाळीस वर्षं बैलाची शेती केलेला माणूस. ते म्हणले पुढचं वाच. मी वाचलं, "माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका" आणि शेवटी "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे". आबा म्हणले, "मंग? त्यो कुठं म्हणला ओझं काढून घेतो म्हणून? त्यो जू बदलायचं म्हणायलाय." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तीस वर्षांत एका पण प्रवचनात ऐकलं नव्हतं.

जू करायचं म्हणजे आमच्या गावचा सुतार आधी बैल बघायला यायचा. दोन्ही बैलांची उंची, मानेची जाडी, वशिंड कुठून उठतं, हात फिरवून बघायचा, मग लाकूड तासायचा. बाजारातून आणलेलं आयतं जू घातलं की दोन दिवसांत खांदा येतो, म्हणजे सुजतो, कातडं सोलतं, माश्या बसतात, आणि बैल चांगला धडधाकट असून खाली बसतो, मारलं तरी उठत नाही. आबा म्हणले, "बैल ओझ्यानं न्हाई मरत बाई, खांद्यानं मरतो. आन् येशू सुतार व्हता, त्याला खांदा कळतो." मग दुसरी गोष्ट, जू हे दोघांचं असतं. नवा गोऱ्हा कधीच नव्या गोऱ्ह्यासोबत जुंपत नाहीत, जुन्या मुरलेल्या बैलाच्या जोडीला घालतात. ओढायचं काम जुना बैलच करतो, गोऱ्ह्यानं नुसतं त्याच्या पावलाला पाऊल मिळवायचं, पुढं पळायचं नाही, मागं रेटायचं नाही. "माझ्यापासून शिका" म्हणजे आबांच्या हिशेबानं हेच. मग माझ्याकडं बघून म्हणले, "तू पुढं पळायलीस. म्हून तुझा खांदा सोललाय."

मी हे पुढच्या रविवारी पाळक साहेबांना सांगितलं तर ते किती वेळ गप्पच झाले. मग म्हणले तुमच्या वडिलांनी मूळ शब्दच धरलाय, ज्याचं मराठीत "सोयीचे" केलंय तो ग्रीक शब्द ख्रेस्तोस, त्याचा अर्थ चांगलं, दयाळू, वापरायला नीट बसणारं. आणि दुसऱ्या शतकातला जस्टिन नावाचा लेखक आहे, त्यानं लिहून ठेवलंय की येशू सुतारकाम करताना नांगर आणि जू बनवायचा. मी घरी येऊन आबांना सांगितलं. आबा म्हणले मला ठाऊकच व्हतं.

आमच्या घरी पोळ्याला पूजा नव्हती पण बैलांचा मान होता. आदल्या दिवशी खांदेमळणी, तूप आणि हळद घेऊन आबा जू बसतं ती जागा चोळायचे, एकेका बैलाचा अर्धा अर्धा तास, मी लहान असताना वाटी धरून उभी राहायची. बैल डोळे मिटायचा. आबांचं आवडतं वचन जुन्या करारातल्या निर्गम ह्या पुस्तकातलं आहे, तेविसावा अध्याय, बारावं वचन, सहा दिवस काम कर आणि सातव्या दिवशी थांब म्हणजे तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळेल. आबा म्हणायचे देवानं माणसाच्या सुट्टीत बैलाचं नाव घेतलंय. मला हे सगळं माहीत होतं हो. मी फक्त स्वतःला कधी त्या बैलाच्या जागी धरलं नव्हतं, की माझ्या सोललेल्या खांद्यावर पण कोणीतरी हात फिरवतंय, घाई न करता.

विसावा ह्या शब्दाबद्दल पण लिहायचंय. मी सोप्या मराठीतली जी प्रत बघितली तिच्यात विश्रांती असा शब्द होता. चुकीचा नाही. पण विसावा म्हणलं की आपल्याकडं काय डोळ्यासमोर येतं बघा, डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई वाटेत झाडाखाली भारा उतरवून टेकते तो विसावा, वारीत पालखी थांबते तो विसावा, आणि माणूस गेल्यावर नेताना अर्ध्या वाटेत खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, ती जागा पण विसाव्याचीच. आईला नेताना आम्ही थांबलो होतो तिथं. म्हणजे विसाव्यात वाट संपलेली नसते, वाट पुढं असतेच, फक्त ज्याचा खांदा भरून आला त्याचा खांदा बदलतो. मी इतके दिवस वाट संपायची वाट बघत होते. लोन फिटल्यावर, आबा हिंडायफिरायला लागल्यावर, मुलीचा नंबर लागल्यावर मग शांतता मिळेल असं. आणि तो अर्ध्या वाटेत ये म्हणत होता.

मग मी काय करायला लागले ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. आमच्याकडं सकाळी आठला हँडओव्हर असतो. नाईटची सिस्टर डेच्या सिस्टरला बेडवाईज सांगते, एक नंबरला रात्री ताप होता, दोन नंबरचं सलाईन दहाला संपेल, तीन नंबरकडं लक्ष ठेवा. सगळं सांगून झालं की सही करायची आणि घरी जायचं, परत फिरून वॉर्डात यायचं नाही, कारण आता तिथं दुसरी सिस्टर उभी आहे. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे ना, "त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो," मी ते तसंच धरलं. रात्री झोपायच्या आधी प्रभूला हँडओव्हर देते. नाव घेऊन. आबा, आज हात जरा हलला, बीपी एवढं. भाऊ, दोन दिवस बोलला नाही. मुलगी, टेस्टमध्ये मार्क कमी पडले, फोनवर रडली. हे, इंटरव्ह्यूला गेले होते, काही कळलं नाही. आणि मग स्तोत्र १२१ उघडते, तिथं लिहिलंय की जो राखण करतो तो डुलकी घेत नाही की झोपत नाही. रात्रभर जागं राहून दुसऱ्यांची राखण करायचं काम मी करते, म्हणून मला ह्या ओळीचा अर्थ बहुतेक जास्तच लागतो. तो ड्युटीवर आहे तर मी जाऊ शकते. पहिल्या आठवड्यात मी दहा वेळा परत वॉर्डात शिरले, म्हणजे मनानं, हँडओव्हर देऊन परत काळजी उचलून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी एका रात्री स्तोत्र संपायच्या आत डोळा लागला, चष्मा नाकावर तसाच. सकाळी ह्यांनी सांगितलं तू घोरत होतीस. किती महिन्यांनी.

मोठ्या टाईपचा इथं एक फायदा आहे जो मला घेताना माहीत नव्हता. एका पानावर वचनं कमी बसतात. बारीक प्रतीत मी सवयीनं अख्खा अध्याय भराभर संपवायची, काम उरकल्यासारखं. ह्याच्यात ते होत नाही, डोळा सावकाश चालतो, एका वचनावर थांबतो. एलीयाची गोष्ट मी अशीच नव्यानं वाचली, जुन्या करारातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा, झुडपाखाली बसून म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला रागवत नाही. दूत येतो, भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो, परत उठवतो, परत खायला देतो, म्हणतो पुढचा पल्ला लांब आहे. मी नर्स म्हणून ते वाचलं आणि मला त्यात देवाची सेवा दिसली, पेशंटची करतात तशी.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे लिहिते. हे पुस्तक औषधाच्या ऐवजी नाही. आबांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवस पण चुकवल्या नाहीत, फिजिओथेरपी चालू आहे. माझ्या झोपेसाठी मी डॉक्टरांना दाखवलंच. आणि भाऊ, पाऊस झाल्यावर तो वावरात जाऊन एकटाच खडकावर बसायचा, अंधार पडला तरी यायचा नाही, वहिनीनं मला रडत फोन केला. तेव्हा मी प्रार्थना पण केली आणि त्याच मिनिटाला १४४१६ ला फोन पण लावला, टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. त्याला जालन्याला डॉक्टरकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या, गावातले दोघं-तिघं रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसतात. एलीयाला पण देवानं आधी भाकर दिली, बोलला नंतर. कोणी तुम्हाला म्हणलं की विश्वास असेल तर गोळी कशाला, तर ऐकू नका.

मोबाईलचं विचाराल तर ॲपमध्ये पण मराठी बायबल फुकट आहे, अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ऑडिओ पण मिळतो, ड्युटीवर मी तेच वापरते. पण आबांचं बोट भलतीकडंच लागतं आणि पान गायब होतं, मग चिडतात. शिवाय रात्री मोबाईल हातात घेतला की बँकेचा मेसेज पण त्याच्यातच दिसतो. कागदाच्या पुस्तकात बँक येत नाही.

तर घ्यावं का? घरी साठीच्या पुढचं वाचणारं माणूस असेल तर नक्की घ्या, सगळ्यात मोठा टाईप घ्या, मधला नको. प्रवासाला न्यायचं असेल तर हे नको, दुसरं छोटं ठेवा. बांधणीसाठी एक स्टार कापते, रिबिनीसाठी अर्धा, बाकी पूर्ण देते. आणि बक्षीस द्यायला घेत असाल तर कव्हर शिवून घ्या, पुठ्ठ्याचे कोपरे लवकर झिजतात.

ह्या नाताळला भाऊ आला होता, पहिल्यांदाच गाव सोडून. बैलं त्यानं तीन वर्षांपूर्वीच विकली, पण येताना आबांनी सांगितलं म्हणून गोठ्यातलं जुनं जू घेऊन आला, जीपच्या टपावर बांधून. आता ते आमच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलंय. आबांनी मला आणि त्याला दोघांना जवळ बोलावलं, आपल्या डाव्या हातानं माझा हात धरून लाकडावर ठेवला, जिथं बैलाची मान बसायची तिथं. बाकी सगळं लाकूड खरबरीत आहे, चिरा गेल्यात, आणि ती तेवढी जागा काचेसारखी गुळगुळीत. भावानं पण हात लावला, किती वेळ काढला नाही. मग आबा म्हणले आता वाच, मी अकरावा अध्याय काढला, वाचलं भावानंच, मोठं अक्षर होतं म्हणून बिनचष्म्याचं जमलं त्याला. दुकानातल्या काकांना फोन केला होता, ते म्हणले पुढच्या महिन्यात नवीन प्रती येतायत, एक भावासाठी सांगून ठेवलीय.